सरासरी उतरली, शेपटाचे काय?

2019च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि हवेच्या चर्चेला एक ठरीव वळण लागले. पीएम10ची, म्हणजे हवेतल्या कणांची, वार्षिक सरासरी किती टक्के घटली ते पाहायचे आणि शहर पास की नापास ते ठरवायचे. कार्यक्रमातल्या शहरांची प्रगती मुख्यतः याच रकान्यावर जोखली जाते. मग दिल्लीतले नोव्हेंबरचे काळवंडलेले दिवस? ते दिवाळीचे, पराली जाळण्याचे, वारा पडल्याचे. अपवाद समजून बाजूला ठेवावेत, असा हा पूर्वपक्ष.

तो पोकळ नाही. अमेरिकेतील सहा शहरांच्या 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दीर्घकाळच्या सरासरी प्रदूषणाचा मृत्युदराशी संबंध दाखवला. आयुष्यभराच्या हानीचा हिशेब मांडायला सरासरीच हवी. आक्षेप आहे तो पुढच्या उडीवर: सरासरी उतरली की टोकाचे दिवसही त्याच मापाने उतरतात, हे कुणी ठरवले?

दिल्लीतल्या उन्हाळ्यातील पीएम10मध्ये धुळीचा वाटा मोठा असतो. रस्ते झाडले, पाणी मारले, की आकडा खाली येतो. नोव्हेंबर-डिसेंबरचे कारण निराळे. जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थराचे झाकण बसते, वारा मंदावतो. धूर आणि वायूंपासून हवेतच घडलेले सूक्ष्म कण (पीएम2.5) साचत जातात. पावसाच्या बाबतीत आपण असा घोळ घालत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईच्या नाल्यांची रुंदी वार्षिक सरासरीवरून काढा, असे कुणी सुचवले नाही.

टोकाच्या मूल्यांचे गणित काही काल जन्मलेले नाही. मोठ्या नमुन्यांतील कमाल मूल्यांच्या मर्यादा-वितरणाची तीनच कुळे असतात, हे फिशर आणि टिपेट यांनी 1928 साली मांडले. 1989 मध्ये रिचर्ड स्मिथ यांनी ह्यूस्टनमधील ओझोनच्या नोंदींना हे शास्त्र लावले. रीत अशी, की एक उंच उंबरठा ठरवायचा आणि तो ओलांडणाऱ्या नोंदींपुरतेच प्रारूप बसवायचे. सबंध वर्षावर एकच वक्र बसवला तर साध्या दिवसांचे बहुमत त्याचा आकार ठरवते आणि शेपटातले, म्हणजे टोकाचे, मोजके दिवस त्यामागे फरपटतात.

गंमत म्हणजे आपली 2009ची हवा-मानके या बाबतीत कार्यक्रमापेक्षा शहाणी आहेत. पीएम2.5साठी 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम. ती वर्षातला 98 टक्के काळ पाळायची. उरलेल्या 2 टक्क्यांत, म्हणजे साधारण सात दिवस, ओलांडली तर चालेल, पण लागोपाठ दोन दिवस नाही. ही भाषा शेपटाची आहे, आणि वाईट दिवसांच्या सलगतेचीही. (संख्याशास्त्रज्ञ पुष्कळदा सलग वाईट दिवसांतून एकच शिखर उचलतात, कारण त्यांना परस्परस्वतंत्र नोंदी हव्या असतात. फुफ्फुसांना ही सोय नाही.)

प्रदेशाचा नकाशा करताना चूक आणखी सूक्ष्म होते. मोजणी केंद्रांमधली जागा बहुधा गाउसीय, म्हणजे घंटाकृती वितरणाच्या, प्रारूपाने भरतात. त्याचा एक गुण 1960 पासून माहीत आहे: दोन ठिकाणांचा सहसंबंध कितीही घट्ट, पण पूर्ण नसला, तर उंबरठा चढत जाताना एक ठिकाण तो ओलांडत असता दुसरेही ओलांडेल ही शक्यता शून्याकडे सरकते. म्हणजे पानिपतात कहर झाला तरी गाझियाबाद सुटेल, असे आश्वासन प्रारूपातच पेरलेले असते. हवा कोंडते ती मात्र अख्ख्या मैदानावर. हेफर्नन आणि टॉन यांनी 2004 मध्ये लीड्समधील पाच प्रदूषकांच्या नोंदींवर दाखवलेली पद्धत असे सुटणे आधी गृहीत धरत नाही. टोकाला दोन मापे एकत्र चढतात की सुटी होतात, हे नोंदींनाच ठरवू देते. प्रदूषकांच्या जागी केंद्रे ठेवली तरी तिचा गाभा तोच राहतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, नोंदी जेमतेम दहा-पंधरा वर्षांच्या, त्यावरून टोकाचे अंदाज डळमळीतच निघणार. निघतील, म्हणून अनिश्चिततेचा पट्टा आकड्याशेजारी छापावा आणि शेजारच्या केंद्रांच्या नोंदी एकत्र वापराव्यात. फक्त निर्देशांकाचे आकडे घेऊ नयेत, मायक्रोग्रॅममधले मूळ आकडे घ्यावेत. आपला वायू गुणवत्ता निर्देशांक 500वर संपतो, आणि त्यापलीकडचे सगळे दिवस त्यात एकसारखे दिसतात.