पट्ट्याची गोष्ट

"पाय दुखतात गं, आता वय झालं!" मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या रांगेत हे वाक्य कानावर येतंच. मी लंडनच्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं असेच पाय तपासले. पायांत रक्त किती पोहोचतं ते मोजायचं, आकडा लिहायचा, रिपोर्ट सर्जनकडे पाठवायचा. निवृत्त झाल्यावर या मोजण्याचा इतिहास वाचत गेले आणि लक्षात आलं की ही सगळी गोष्ट एका साध्या पट्ट्याची आहे. तिचा बराचसा भाग आपल्या या लंडनमध्येच घडलेला आहे.

पण आधी आमच्या भावोजींचं सांगते. १९९८ सालची गोष्ट. दर रविवारी ते ताईबरोबर वेंब्लीला ईलिंग रोडवर भाजी आणायला जायचे आणि चार दुकानं गेली की साड्यांच्या काचेसमोर उभे राहायचे. आम्ही चिडवायचो, "भावोजी, घेऊन टाका आता ताईला एक साडी!" ते नुसते हसायचे. खरं म्हणजे त्यांच्या पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा यायचा. जर्मन लोक या दुखण्याला चक्क 'दुकानाच्या काचेचा आजार' म्हणतात. डॉक्टरी नाव क्लॉडिकेशन. लॅटिनमध्ये लंगडण्याला जो शब्द आहे, त्यावरून आलेलं. पायाकडे जाणारी धमनी आतून चोंदली की चालताना स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही आणि तो कळवळतो.

आता पट्ट्याकडे वळू. सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रुधिराभिसरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातला एक प्रयोग अगदी घरगुती आहे. दंडाला पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार पडतो. तीच पट्टी थोडी सैल केली की खोलवरच्या धमन्यांतून रक्त हातात येत राहतं, पण वरवरच्या शिरा दबलेल्याच असल्यामुळे परत जाऊ शकत नाही. हात फुगतो, शिरा टरारून वर येतात. रक्त एका वाटेनं येतं आणि दुसऱ्या वाटेनं परत जातं, हे त्यांनी असं दाखवलं.

या फुगण्यातच मोजमाप दडलेलं होतं, पण ते हाती यायला पावणेतीनशे वर्षं लागली. मोरीला बूच लावून नळ सोडला तर पाणी किती भराभर चढतं त्यावरून नळाची धार कळते ना, तसंच हे. परत जाणारं रक्त थोडा वेळ अडवायचं आणि अवयव किती वेगानं फुगतो ते बघायचं. ब्रॉडी आणि रसेल यांनी १९०५ मध्ये ही युक्ती प्राण्यांच्या मूत्रपिंडावर वापरली, १९०९ मध्ये अमेरिकेत ती माणसाच्या हातावर आली. पुढे बेलफास्टला आणि मग लंडनच्या सेंट थॉमसेसमध्ये हेन्री बारक्रॉफ्ट यांनी या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं. त्या वेळी हात किंवा पाय पाण्यानं भरलेल्या भांड्यात घालून बसावं लागे. १९५३ साली आर. जे. व्हिटनी यांनी ते भांडंच काढून टाकलं. पारा भरलेली बारीक रबरी नळी पोटरीभोवती गुंडाळायची. पोटरी फुगली की नळी ताणली जाते आणि पाऱ्याचा विद्युतरोध बदलतो. मोजायचं ते एवढंच!

पण मग चालतानाच का दुखतं? युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या सर थॉमस लुईस यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९३१ मध्ये याचा छडा लावला. पुन्हा पट्टाच! दंडाचा रक्तपुरवठा पूर्ण बंद करून मूठ आवळत-सोडत राहायचं. मिनिटा-दीड मिनिटात कळ असह्य होते, हात थांबवला तरी जात नाही, पण पट्टा सोडला की काही सेकंदांत गायब. म्हणजे उपाशी स्नायूत काहीतरी साचतं आणि रक्त आलं की धुऊन जातं. म्हणूनच असे रुग्ण खुर्चीत बसलेले असताना पोटरीतला रक्तप्रवाह पुष्कळदा व्यवस्थित दिसतो. खरी परीक्षा चालवल्यावर होते.

हे सगळं प्रयोगशाळेत ठीक होतं, पण रोजच्या ओपीडीला सोपं काहीतरी हवं होतं. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीजमध्ये याओ, हॉब्ज आणि अर्विन यांनी १९६९ साली घोट्याच्या रक्तदाबावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. रुग्णाला आडवं करायचं, नेहमीचा बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधायचा आणि स्टेथोस्कोपऐवजी छोट्या डॉप्लर यंत्रानं धमनीचा 'हुश्श-हुश्श' आवाज ऐकायचा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येतं. ०.९ च्या खाली आलं तर वाटेत अडथळा आहे, ०.५ च्या खाली म्हणजे गंभीर. पुढे एडिंबरामध्ये १९८७-८८ साली ५५ ते ७४ वयाच्या १,५९२ लोकांना असं तपासलं. चालताना दुखतं असे साडेचार टक्केच निघाले; धमन्या बिघडलेल्या असूनही काहीच तक्रार नाही, असे त्याहून जास्त होते.

भावोजींचं उत्तर आलं १.२. त्यांनी मला फोन करून विचारलं. मी म्हणाले, "छान आहे की! मणक्याचं काहीतरी असेल." त्यांना पंधरा वर्षांचा डायबिटीस होता, हे मला माहीत होतं. डायबिटीसमध्ये धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती लोखंडी पाइपासारखी कडक होते आणि पट्ट्यानं दबतच नाही. मग दाब खोटाच जास्त दिसतो. दुसऱ्यांच्या रिपोर्टवर मी ही सूचना रोज लिहीत होते. घरच्या माणसाच्या वेळी मात्र चांगला आकडा ऐकून मला बरं वाटलं आणि मी पुढे विचारच केला नाही.

सहा महिन्यांनी नव्या बुटानं करंगळीला जखम झाली, ती भरेना. तेव्हा पायाच्या अंगठ्याला इवलासा पट्टा लावून दाब मोजला. अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत, म्हणून तो आकडा खरं बोलतो. तो फारच कमी निघाला. फुग्यानं धमनी उघडली, पाय वाचला, करंगळी गेली. भावोजींनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. ताईनं एकदाच विचारलं, "तुला तरी कळायला हवं होतं ना गं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डायबिटीस असेल तर घोट्याचा आकडा चांगला आला म्हणून धमनीचा आजार नाही असं समजू नका, हे नाइस या संस्थेनं २०१८ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांतही घातलं. आपल्या घरांमध्ये डायबिटीस किती आहे ते मी सांगायला नको.

तेव्हा या दिवाळीत फराळ झाल्यावर आई-बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत चालून या. ते मध्येच थांबले तर "दुकान बघताय का?" असं विचारू नका, "पोटरीत दुखतंय का, थांबल्यावर जातं का?" असं विचारा. उत्तर हो आलं तर जीपीला सांगा आणि डायबिटीस असेल तर अंगठ्याचा दाबही मोजायला हवा का, ते विचारा. पायाची जखम भरत नसेल किंवा रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडल्याशिवाय झोप लागत नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

भावोजी नंतर पुष्कळ वर्षं ईलिंग रोडवर चालले. साड्यांची दुकानं आली की माझ्याकडे बघून मुद्दाम थांबायचे.