परसांतलीं वांगीं

चित्रकलेच्या पंगतींत भाजीला मानाचें पान क्वचितच मिळालें आहे. सतराव्या शतकांत फ्रान्सच्या राजाश्रित अकादमीनें चित्रविषयांची प्रतवारी ठरवून टाकली. पुराणेतिहासांतील प्रसंग सर्वांत वर, आणि फळें, भांडीं, कोबी-कांदे सर्वांत खालीं. जलरंगाकडेही तैलरंगाच्या मानानें दुय्यम साधन म्हणूनच पुष्कळ काळ पाहण्यांत आलें. तेव्हां जलरंगांत वांगें रंगविणारा मनुष्य दोहों बाजूंनीं उणाच ठरावयाचा! अशा एका चित्रकाराची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव चार्ल्स डेमुथ.

डेमुथचा जन्म ८ नोव्हेंबर १८८३ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत, लँकेस्टर गांवीं झाला. घराण्याचें तंबाखूचें दुकान १७७० पासूनचें. बालपणींच त्याचा एक पाय अधू झाला आणि पुढें जन्मभर काठीची सोबत राहिली. आई ऑगस्टा हिनें घरामागें हौसेनें बाग राखली होती, आणि माडीवरील चित्रशाळेच्या खिडकींतून ती दिसे. फिलाडेल्फियांत शिक्षण झालें, पॅरिसच्या वाऱ्या झाल्या. १९२१ सालीं शेवटच्या वारीहून तो परतला, तेव्हां मधुमेहानें त्याला गांठलें होतें.

त्या वेळीं हें निदान म्हणजे बहुधा मृत्यूचेंच बोलावणें असे. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपचार म्हणजे उपासमारच; रोग्याला घांसन् घांस तोलून द्यावयाचा. भाज्या तीन वेळां पाणी बदलून उकडीत, कीं तींत उरलीसुरली साखरही निघून जावी. मॉरिसटाउन येथील ॲलन यांच्या संस्थेंत डेमुथ राहिला, तेव्हां त्याच्या अंगावर केवळ कातडें उरलें होतें. सुदैवानें टोरोंटोमध्यें बँटिंग आणि बेस्ट यांनीं इन्शुलिन शोधून काढलें, आणि १९२३ मध्यें तें त्यालाही मिळालें. अगदीं प्रथम ज्यांचा जीव या औषधानें वांचला, त्यांपैकीं हा एक. पथ्य मात्र सुटलें नाहीं.

आणि याच वर्षांत त्याच्या कागदावर भाजी येऊं लागली. १९२६ चें एक चित्र वांगीं व टोमॅटो यांचें. १९२९ चें दुसरें लाल कोबी, रुबार्बचे आंबट देठ आणि एक संत्रें यांचें. त्या काळच्या मधुमेह्यांच्या पथ्याची यादी चाळून पाहावी: ज्यांत पिष्ट व साखर अत्यल्प अशा भाज्यांच्या रकान्यांत टोमॅटो, वांगें, कोबी, रुबार्ब हीं चारही नांवें सांपडतात! संत्रें तेवढें पुढच्या, मोजून खाण्याच्या रकान्यांतलें. हा योगायोग असूं शकेल. कारण पीच, सफरचंदें हीं गोड फळेंही त्यानें रंगविलीं आहेत, आणि परसांत जें पिके तेंच मेजावर येई. तरी ज्याचा प्रत्येक घांस तराजूंतून जातो, त्याची वांग्याकडे पाहण्याची दृष्टि तुमच्या-आमच्यासारखी कशी असेल? आपण भरताच्या पलीकडे पाहतच नाहीं.

त्याची रीतही या काटकसरीला शोभणारी. आधीं पेन्सिलीची अतिशय फिकी रेघ; तींत ओला रंग; तो वाळण्यापूर्वीं टीपकागदानें थोडा उचलून घ्यावयाचा. वांग्याच्या गर्द जांभळ्या अंगावरची चकाकी म्हणजे मोकळा सोडलेला कागदच. सभोंवतालचा बराच भागही कोराच राही. तैलचित्रांत चूक झांकतां येते; येथें ती सोय नाहीं. म्हणूनच माझ्या मतें त्याच्या गाजलेल्या गिरण्या-धुराड्यांच्या तैलचित्रांहून हीं वांगीं सरस आहेत.

२३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, ५१ व्या वर्षीं, लँकेस्टरच्या त्याच घरीं तो वारला. मृत्युपत्रांत तैलचित्रें त्यानें चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ हिला दिलीं, जलरंगचित्रें रॉबर्ट लॉकर या स्नेह्याला. वर सांगितलेलें १९२९ चें चित्र छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या संग्रहांतून १९४९ मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आलें. जलरंग उजेडानें विटतात; म्हणून अशीं चित्रें संग्रहालयांत बहुतेक काळ अंधारांत ठेवतात, आणि थोडे दिवसच भिंतीवर लावतात.