पीओई म्हणजे काय? गेटवरच्या हजेरी मशीनचा वॅटचा हिशेब

चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या एमआयडीसीत कामाला असाल, तर गेटवरचं पंचिंग मशीन रोजचंच. शिफ्टच्या तोंडावर ते बंद पडलं की बाहेर लाईन लागते आणि लेट मार्क मात्र कामगाराच्या नावावर पडतो. मी अशी मशीन बसवतो. बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा मशीनमध्ये नसतं, आधी न केलेल्या हिशेबात असतं.

पहिला हिशेब गर्दीचा. समजा शिफ्टला ६०० जण आहेत आणि एका पंचला सरासरी ३ सेकंद लागतात (तेलकट बोट दोनदा टेकवावं लागतं, तेही धरून). झाले १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. सगळे १० मिनिटांत आत हवेत तर ३ मशीन लागतात. एखादं बंद पडणार हे धरून मी ४ सांगतो. नेट स्पीडची काळजी नको, एका पंचचा डेटा व्हॉट्सॲपच्या छोट्या मेसेजएवढा असतो.

खरी मेख विजेत आहे. मशीनला १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे ६ वॅट लागतात असं धरू. ऑफिसातल्या ॲडॉप्टरवरून नेटवर्क केबलच्या एका जोडीतून ही वीज १०० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तारेचा रेझिस्टन्स साधारण १७ ओहम होतो. अर्धा अँपिअर गुणिले १७ म्हणजे ८.५ व्होल्ट तारेतच संपले! उरलेल्या साडेतीन व्होल्टवर मशीन चालूच होणार नाही. लांब, स्वस्त केबलवर तुमचा फोन हळू चार्ज होतो, त्यातलाच प्रकार.

यावर उपाय पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. डेटा आणि वीज एकाच केबलमधून, पण ४८ व्होल्टच्या आसपास. तेच ६ वॅट इथे जेमतेम पाव अँपिअरच्या निम्म्या करंटवर पोहोचतात, त्यामुळे गळती २ व्होल्टच्या आसपासच राहते. २००३ च्या स्टँडर्डमध्ये स्विचच्या पोर्टला १५.४ वॅट मिळतात आणि मशीनला १२.९५ ची खात्री असते. मधला फरक केबलसाठी सोडलेला आहे. २००९ मध्ये पोर्टची मर्यादा ३० वॅट झाली, २०१८ मध्ये ९०.

स्विच घेताना मात्र नुसते पोर्ट मोजू नका. २४ पोर्टच्या स्विचवर ‘३७० वॅट’ लिहिलेलं असेल, तर ते सगळ्या पोर्टचं मिळून बजेट आहे. १५.४ च्या हिशेबाने २४ पोर्ट बसतात, ३० च्या हिशेबाने फक्त १२. त्याच स्विचवर कॅमेरे असतील तर अंधार पडल्यावर त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वॅट वाढतात. बजेट संपलं की स्विच कमी प्रायॉरिटीचे पोर्ट बंद करतो. दिवसा सगळं ठीक आणि रात्रपाळीला मशीन बंद, याचं गूढ इथे आहे. सेटिंगमध्ये हजेरीच्या पोर्टला वरची प्रायॉरिटी द्या.

बॅकअपसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर देते. मी निम्मीच धरतो. मशीन आणि स्विच मिळून ६० वॅट असतील, तर पाऊण तासापेक्षा थोडं कमी. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी यूपीएसचा मेन स्विच बंद करा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मशीन खरंच किती वेळ चालतात ते बघा.