करंजियाचे सेवाकार्य आणि शामराव हिवाळे

१९३२ च्या जानेवारीत मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड खेड्यात दोन सेवक वस्तीस आले. मैकल पर्वतश्रेणीतील, अमरकंटकाजवळचे हे गाव तेव्हा मध्यप्रांतात होते. आज ते मध्यप्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात मोडते. त्यांपैकी व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्ड येथे धर्मशास्त्र शिकलेले इंग्रज धर्मोपदेशक, तर शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दोघांचा स्नेह जुळला होता. गोंडांकडे त्यांचे लक्ष वेधण्यात जमनालाल बजाज यांचा वाटा होता.

त्यांनी स्थापिलेल्या गोंड सेवा मंडळाने शाळा, दवाखाना व पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान चालविले. मिशनच्या कार्याचे हे नेहमीचेच अंग होय. निराळेपण होते ते धर्मांतर या हेतूच्या त्यागात. नागपूरच्या बिशपांना हे मान्य होणे शक्य नव्हते. एल्विन यांना धर्मोपदेशाचा परवाना मिळाला नाही, आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्चचाच त्याग केला. पण केवळ बाप्तिस्मा वगळल्याने सेवकाची सुधारकवृत्ती लोप पावते असे थोडेच आहे! गांधीवादी कार्यक्रमाचेही तेच झाले. जेथे कापूस पिकत नाही तेथे चरख्याचा आग्रह कशासाठी, आणि मोहाची दारू ज्यांच्या देवकार्यांतही लागते त्यांना मद्यबंदीचा उपदेश कितपत लागू पडावा, असे प्रश्न एल्विन यांना पडू लागले. नांगराने धरणीमातेची छाती फाटते अशी बैगांची श्रद्धा. तीपायी ते बेवर शेतीला चिकटून होते, आणि वनखात्याने त्या शेतीला १८९० मध्ये आखलेल्या बैगा चकापुरतेच मर्यादित केले होते. १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात एल्विन यांनी या निर्बंधांविरुद्ध लेखणी चालविली. त्यांच्या संरक्षणवादी भूमिकेचा गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये घेतलेला समाचार सर्वश्रुतच आहे.

या वादात हिवाळे यांचे नाव सहसा येत नाही, हे न्याय्य नव्हे. एल्विन प्रवासात व लेखनात असता मंडळाचा संसार, गावकऱ्यांचे तंटे, औषधपाणी हे सारे हिवाळे सांभाळीत. 'साहाय्यक' या शब्दात मात्र ते मावत नाहीत. गोंडांच्या व मैकल टेकड्यांतील लोकगीतांच्या संग्रहांवर त्यांचे नाव एल्विन यांच्याबरोबरीने आहे, आणि नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवरील १९४६ चा इंग्रजी ग्रंथ सर्वस्वी त्यांचा आहे. परधान हे गोंडांचे भाट. ठराविक काळाने यजमानाच्या दारी जाऊन बाणा हे तंतुवाद्य वाजवीत ते गोंड राजांच्या व देवांच्या कथा गातात. परक्या नजरेला ही भीक वाटते. हिवाळे यांनी ते मागणे हा यजमान व भाट यांच्या नात्यातील हक्क असल्याचे दाखविले. दारी येणाऱ्याची कुळी जाणून घेण्याचा हा धीर करंजियात घर करून राहिल्याखेरीज आला नसता.

१९५४ मध्ये एल्विन ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार झाले. मंडळाचा भार हिवाळे यांच्याकडे राहिला.