दीड महिन्यानंतरची बाळंतीण

मालवणी मुलखात बाळंतिणीचे दिवस मोजायची पद्धत ठरलेली होती. सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून घर जागं राहायचं. बाराव्या दिवशी बारसं. मग चाळीसेक दिवस बंद खोली, तेल, शेक, मऊ पेज. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही. ती गप्प झाली, बाळाकडे बघेनाशी झाली, उगाच रडू लागली, की 'बाहेरचं लागलं' म्हणायचे. निदान चुकीचं असेल, पण आईला काहीतरी झालंय आणि त्याने बाळालाही धोका आहे, हे त्या बायांना दिसत होतं.

चाळीस दिवस सरले की पहारा उठायचा. पुन्हा विहीर, चूल, शेत. नवरा? गिरण्यांच्या काळात तो बहुधा मुंबईत. मनीऑर्डर यायची, तो मात्र गणपतीला किंवा शिमग्याला. २०११च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. घर बाईच्या जिवावर चालायचं, त्यामुळे तिचं मन बसलं तर ते बघायला कोणाला वेळ होता?

या प्रश्नाला आकडे मिळाले ते तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे २७० गरोदर स्त्रियांची माहिती घेतली आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा गाठलं. म्हणजे नेमका पहारा उठतो तेव्हा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही मोठी कारणं. मारझोड होत असेल आणि वर मुलगी झाली, तर धोका आणखी वाढायचा.

पुढच्या वर्षी दुसरा निष्कर्ष आला, तो बाळांबद्दल. नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात आणि उंचीत मागे पडलेली होती, मानसिक वाढीतही कमी भरली. जन्माचं वजन हिशेबात धरूनसुद्धा. आई वाईट असते म्हणून असं होत नाही. रात्री चार वेळा उठून पाजायला, ताप ओळखायला, रांगतं पोर पायरीपाशी जाण्याआधी उचलायला अंगात जी उभारी लागते, तीच या आजारात जाते. आपण मात्र 'आई असून असं कसं?' विचारतो, आणि ती तोंड मिटते.

सरकारी गणितही गमतीचं आहे. नवजात बाळासाठी आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. सटवीचं आणि सरकारचं घड्याळ जवळपास एकच! २०१८पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी भेटी जोडल्या, पण त्यांचा भर बाळाच्या खाण्यावर आणि वाढीवर.

गोव्यात याच्या उलट एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बायांना शिकवून 'सखी' म्हणून घरी पाठवलं. २०१९मध्ये निकाल आले: फरक फार मोठा नव्हता, तरी सखी मिळालेल्या जास्त जणी बऱ्या झाल्या. सखी बाळ पोटात असतानाच यायला लागायची, आणि ते सहा महिन्यांचं होईपर्यंत येत राहायची.