पोर्शे ९११, एक बेअरिंग आणि भीतीची किंमत

आजचा भाग एका बेअरिंगबद्दल आहे. तळहातावर सहज मावेल एवढं बेअरिंग, गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणजे चिल्लर. पण या चिल्लरने जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध स्पोर्ट्स कारची सेकंडहँड किंमत पार तळाला नेली. आणि गंमत म्हणजे, रोज चालवायला स्पोर्ट्स कार हवी असलेल्या अनेक साध्या नोकरदार माणसांना ती परवडली, ती याच भीतीमुळे.

गाडी आहे पोर्शे ९११. त्यातही एक विशिष्ट पिढी, जिचा फॅक्टरीतला कोड आहे ९९६. विकली गेली १९९७ ते २००५ या काळात.

थोडं मागे जाऊ. ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३ मध्ये, फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये. तेव्हा तिचं नाव होतं ९०१. फ्रान्सच्या प्यूजोने हरकत घेतली, की मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आम्ही वापरतो. म्हणून शून्याचा एक झाला. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारं. डिकी पुढे. मागे दोन छोट्या सीट, ज्यावर मोठा माणूस बसला तर उतरताना शिव्या देईल, पण शाळकरी पोरं आणि दप्तरं आरामात मावतात. मला विचाराल तर ९११चं अर्धं यश या दोन सीटमध्ये आहे. बाकीच्या स्पोर्ट्स कार रविवारच्या. ही सोमवारी ऑफिसलाही जाते. दिसायला चपटी असली तरी काचा मोठ्या, बाहेरचं नीट दिसतं, पार्किंग करताना घाम फुटत नाही.

आता थेट १९९३वर येऊ. पोर्शेची हालत बेकार होती. १९८६ मध्ये वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या विकणारी कंपनी चौदा हजारांच्या आसपास आली होती. कंपनी विकली जाणार अशी चर्चा सुरू होती. वेंडेलिन वीडेकिंग नावाचा इंजिनियर तेव्हा सूत्रं हाती घेतो आणि जपानी सल्लागारांना बोलावतो, टोयोटाच्या पद्धतीत मुरलेल्या लोकांना. ते झुफेनहाउझेनच्या कारखान्यात फिरतात आणि सांगतात, इथे माल कमी आणि गोदाम जास्त आहे. (झुफेनहाउझेन हा श्टुटगार्टचा भाग. आणि श्टुटगार्ट हे १९६८ पासून आपल्या मुंबईचं भगिनी शहर आहे बरं का! पुण्या-मुंबईचे कितीतरी इंजिनियर आज तिथे नोकरी करतात.)

खर्च वाचवायचा उपाय काय निघाला? दोन गाड्या एकत्र डिझाइन करायच्या. स्वस्त बॉक्स्टर आणि महाग ९११. पुढचा बराचसा भाग एकच, हेडलाइटही त्याच. आणि दोघींना नवीन, पाण्याने थंड होणारं इंजिन, कारण प्रदूषण आणि आवाजाच्या नव्या नियमांत हवेने थंड होणारं इंजिन बसवणं दिवसेंदिवस अवघड होत होतं. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली, १९९७ मध्ये ९९६. हवेवाली शेवटची ९११ १९९८ मध्ये बनली.

चाहते भडकले. आधी हेडलाइटवरून. लोकांनी त्यांना फ्राय केलेलं अंडं म्हणायला सुरुवात केली. खरं सांगू, मला ते इतके वाईट वाटत नाहीत. पण जवळपास दुप्पट पैसे देऊन ९११ घेणाऱ्याला सिग्नलवर शेजारी बॉक्स्टर उभी दिसली आणि तिचे डोळे आपल्यासारखेच आहेत हे कळलं, की त्याचं पोट दुखणारच ना!

कंपनी मात्र वाचली. ९९६ च्या सगळ्या प्रकारांच्या मिळून १,७५,००० च्या आसपास गाड्या बनल्या.

आणि मग ते बेअरिंग.

इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट फिरतो. त्याच्या खाली या इंजिनात आणखी एक दांडा आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकशाफ्टकडून साखळीने गती घ्यायची आणि पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना पोचवायची, हे त्याचं काम. म्हणजे कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा याचं टायमिंग त्याच्या जिवावर. या दांड्याचं एक टोक जिथे टेकतं तिथे एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे, आत ग्रीस भरलेलं. आता काय होतं, की काळाने सील कडक होतं. गरम इंजिन ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, पण ऑइलचा ताजा पुरवठा आत होत नाही. गोळ्या झिजतात, बेअरिंग सैल होतं, दांडा डगमगतो, साखळीचं टायमिंग घसरतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. संपलं. इंजिन भंगारात! आणि बऱ्याचदा आधी काही सूचनाही मिळत नाही.

हे सगळ्या गाड्यांत झालं का? नाही. सुरुवातीच्या गाड्यांत दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकलं. २००० च्या आसपास एका ओळीचं आलं, ते जास्त बिघडलं. अमेरिकेत मालकांनी मिळून दावा लावला, २०१३ मध्ये तडजोड झाली, २००१ ते २००५ मधल्या गाड्यांच्या मालकांना भरपाईचा रस्ता मिळाला. त्या प्रकरणातून पुढे आलेला आणि आजही सगळे सांगतात तो आकडा असा: एका ओळीच्या बेअरिंगमध्ये शंभरात साधारण आठ, दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये शंभरात एकाहून कमी.

शंभरात आठ. म्हणजे ब्याण्णव गाड्या ठीक. पण बाजाराने सगळ्या शंभर गाड्यांची किंमत पाडली. का?

इथे मी तुम्हाला जॉर्ज अकरलॉफला भेटवतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात ते सेकंडहँड गाड्यांच्या बाजाराबद्दल विचार करत होते. विकणाऱ्याला माहीत असतं गाडी चांगली की लोच्याची, घेणाऱ्याला नाही. अमेरिकेत लोच्याच्या गाडीला म्हणतात लेमन. घेणारा म्हणतो, मला कळत नाही ना, मग मी मधलीच किंमत देणार. त्या किमतीत चांगल्या गाडीवाला विकतच नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात जास्त लेमन. घेणारा आणखी घाबरतो, किंमत आणखी पडते. असं करत करत बाजारच आटतो.

पेपर तीन नियतकालिकांनी परत पाठवला. एकाला तो फारच किरकोळ वाटला, एकाला इतका व्यापक, की खरा असणं शक्य नाही. अखेर १९७० मध्ये छापून आला आणि त्याच कामाला २००१ मध्ये नोबेल मिळालं. यातला आपल्या कामाचा भाग असा, की १९६७-६८ हे वर्ष अकरलॉफनी भारतात काढलं, दिल्लीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. आणि गाड्यांवरच्या या पेपरात भारत भरपूर येतो: सावकार येतो, आणि बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे वेचणारी गृहिणी येते. तांदळाच्याच रंगाचे, तांदळाच्याच आकाराचे खडे! तुमच्या आजीने सूप घेऊन तांदूळ निवडताना जे केलं, तेच सेकंडहँड गाडी घेणारा करतो. फरक एवढाच, की आजीला सुपातले खडे दिसत होते. इंजिनाच्या पोटातला खडा दिसत नाही.

९९६ चं नेमकं हेच झालं. इंटरनेटवर ज्याचं इंजिन फुटलं तो फोटोसकट लिहितो. ज्याचं नीट चाललंय तो ‘आज काही झालं नाही’ असं लिहायला बसत नाही. २०१०च्या दशकात अमेरिकेत चांगली चालती ९९६ वीस हजार डॉलरच्या आत मिळत होती, जी नवीन असताना साधारण पासष्ट हजारांची होती. त्याच काळात तिच्या आधीची, हवेवाली ९९३ स्वतःच्या नव्या किमतीच्या वर निघून गेली. वयाचा फरक दोन-तीन वर्षांचा.

आता जरा हिशोब करू, मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढा. समजा नवं इंजिन बसवायला पंधरा हजार डॉलर लागतात. एका ओळीच्या बेअरिंगच्या शंभर गाड्या, त्यातल्या आठ फुटणार. एकूण नुकसान एक लाख वीस हजार. भागिले शंभर, म्हणजे गाडीमागे बाराशे डॉलर. धोक्याची किंमत एवढीच. पण बाजार त्याच्या कितीतरी पट रक्कम कापत होता. मधला जो फरक, ती भीतीची किंमत. ज्याला खडा ओळखता येतो, त्याच्या खिशात हा फरक जातो.

मग ओळखायचा कसा? लोक सगळ्यात आधी काय बघतात? रनिंग. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, जास्त पैसे. आपल्याकडेही तेच, ‘डॉक्टरांची गाडी आहे, फक्त घर ते क्लिनिक’ हे वाक्य प्रत्येक डीलरला पाठ असतं. पण या इंजिनाच्या बाबतीत अनुभवी मेकॅनिक उलटं सांगतात. महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये उभी गाडी, अधूनमधून पाच मिनिटं फिरवलेली, तिच्या ऑइलमध्ये ओलावा साठतो, इंजिन पुरतं गरमच होत नाही, आणि ते खराब ऑइल बेअरिंगभोवती बसून राहतं. रोज कामाला जाणारी, पूर्ण गरम होणारी, वेळेवर ऑइल बदललेली गाडी त्यापेक्षा बरी. कंपनीने ऑइल बदलायचा कालावधी भलताच लांब ठेवला होता, जाणते मालक साधारण आठ हजार किलोमीटरलाच बदलतात. म्हणजे रोज चालवायला गाडी हवी असेल, तर रोज चाललेलीच शोधा. आणि बाजारात तीच स्वस्त असते!

बरं, मीटरवर तरी विश्वास ठेवायचा का? अमेरिकेत मीटर मागे फिरवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा ठरलं, पण गुन्हा ठरलं म्हणून थांबलं असं नाही. इथे ९९६ एक भारी मदत करते. तिचा इंजिन कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं याची वेगळी नोंद ठेवतो. मीटरवरचे किलोमीटर भागिले हे तास, आला सरासरी वेग. ८०,००० किलोमीटर आणि १,६०० तास असतील तर ताशी ५० किलोमीटर, पटण्यासारखं. पण मीटर ६०,००० दाखवतोय आणि तास आहेत ३,०००? मग सरासरी वेग वीस. एकतर गाडीने सगळं आयुष्य ट्रॅफिकमध्ये काढलंय, नाहीतर कुणीतरी मीटरशी खेळलंय.

तोच कॉम्प्युटर आणखी एक चुगली करतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकं इंजिनाला जबरदस्तीने मर्यादेच्या पलीकडे फिरवतात आणि लिमिटर काहीच करू शकत नाही. हे किती वेळा घडलं, आणि शेवटचं इंजिनाच्या कितव्या तासाला, हे नोंदलेलं असतं. शेवटचा प्रसंग तासांनी जुना असेल आणि नंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल, तर फार घाबरायचं कारण नाही. कालचाच असेल तर विकणाऱ्याकडे बघून हसायचं आणि निघायचं.

आणि ऑइल फिल्टर. गाडी घेण्याआधी मेकॅनिककडून जुना फिल्टर कापून उघडायचा, कागदाच्या घड्या उजेडात पसरायच्या. चमचमणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग जायला लागलंय. मला हे फार आवडतं, कारण ही अक्षरशः सुपात तांदूळ पसरण्याची क्रिया आहे.

एक मजेशीर तुलना सांगून पुढे जातो. याच पिढीच्या टर्बो आणि जीटी३ मध्ये हे इंजिन नाहीच. त्यांत हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतलं, रेसिंगमधून आलेलं वेगळं इंजिन आहे. त्याचं नातं १९९८ मध्ये ल माँ जिंकणाऱ्या जीटी१ शी. त्यात हा बेअरिंगचा घोळ नाही. ९९६ या नंबरला नाक मुरडणारेही टर्बोचे चढे पैसे मोजतात. म्हणजे राग नुसता हेडलाइटवर नव्हता हो.

शेवटी इलाज कुणी काढला? कंपनीने नाही, अमेरिकेतल्या स्वतंत्र वर्कशॉपवाल्यांनी. त्यांनी सिरॅमिक गोळ्यांची मजबूत बेअरिंग बनवली. ती बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी मोठी. म्हणून शहाणे मालक क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबतात, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणारच असतो, एका मजुरीत दोन कामं. पोर्शेने स्वतः २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन दिलं, त्यात तो शाफ्टच नाही.

आणि बाजार? गेल्या काही वर्षांत ९९६ पुन्हा वर चढली. अंड्याच्या हेडलाइटवर आता प्रेमाने बोललं जातं. जाहिराती वाचा कधी: पूर्वी ज्या शब्दाची भीती होती तो ‘आयएमएस’ आता पहिल्याच ओळीत, अभिमानाने, ‘बेअरिंग बदललेलं आहे’ असा. पण त्या ओळीला पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा: बिल, बिलावरची तारीख आणि त्या दिवशी मीटरवर असलेले किलोमीटर. आणि बदलण्याआधी जुनं बेअरिंग कसं निघालं होतं, हेही त्या वर्कशॉपला फोन करून विचारा. आधीच झिजलेलं निघालं असेल, तर त्याचे कण इंजिनभर फिरून आले असतील, आणि वर नवं बेअरिंग बसवून उपयोग नाही.

चला, पुढच्या भागात भेटू!