खुर्द्याची मोजदाद

पानिपतच्या पराभवाची बातमी सावकारी भाषेतल्या एका पत्रानं दक्षिणेत पोचली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. दोन मोती गळाल्याचं त्या पत्रात लिहिलं होतं. हरवलेल्या मोहरांचाही आकडा होता. रुपये आणि खुर्दा किती गेला, याची मात्र गणती नव्हती. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. युद्धाचा हिशेब जगात बहुतेक ठिकाणी असाच लिहिला गेला. आधी मोती, मग मोहरा आणि शेवटी एका शब्दात उरलेले सगळे.

हा खुर्दा वेचायला बसली ती कादंबरी. नेपोलियनच्या युद्धांवर युरोपात ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्या मला यासाठी मोठ्या वाटतात. त्यांतल्या काही जमिनीवरच्या आहेत, काही समुद्रावरच्या.

१८०५ हे एकच साल घेऊ. २० ऑक्टोबरला उल्म इथं ऑस्ट्रियाच्या फौजेनं नेपोलियनपुढं शस्त्रं ठेवली. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, ट्राफल्गारच्या समुद्रात नेल्सननं २७ मोठ्या युद्धनौकांनिशी फ्रान्स आणि स्पेनच्या ३३ नौकांचा पराभव केला आणि त्यातच तो मारला गेला. २ डिसेंबरला ऑस्टरलिट्झला नेपोलियननं रशिया आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. जमिनीवर फ्रान्स, पाण्यावर इंग्लंड. इतिहासाच्या पुस्तकात हे एका पानात मावतं. सोबत नकाशा असतो, नकाशावर बाण असतात.

पण त्या बाणाच्या आत उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होतं? हा प्रश्न स्तांधाल या फ्रेंच लेखकानं १८३९ साली विचारला. तो स्वतः १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर मॉस्कोपर्यंत गेलेला माणूस. ‘द चार्टरहाऊस ऑफ पार्मा’ या कादंबरीत त्याचा कोवळा नायक फॅब्रिस वॉटर्लूच्या रणात जाऊन पडतो. त्याला धूर दिसतो, चिखल दिसतो. त्याच्याच बाजूचे सैनिक त्याला घोड्यावरून खाली उतरवतात आणि तो घोडा एका जनरलला देऊन टाकतात. पुढं कितीतरी दिवस फॅब्रिस स्वतःला विचारत राहतो : मी पाहिली ती खरोखर लढाई होती का?

टॉलस्टॉयनं स्तांधालचं हे ऋण मोकळेपणानं मान्य केलं होतं. युद्ध त्यालाही ऐकून माहीत नव्हतं. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात तो तोफखान्याचा अधिकारी होता. म्हणूनच ‘युद्ध आणि शांती’मध्ये सम्राट आणि सेनापतींची एवढी गर्दी असूनही माझ्या मनात घर करून राहतो तो तुशिन नावाचा एक साधा तोफखाना कॅप्टन. अंगानं किरकोळ, बुजरा. पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याच्या पायांत बूटही नसतात. शोनग्राबेर्नच्या लढाईत त्याच्या तोफा अगदी मधोमध असतात. संरक्षणाला दिलेली तुकडी केव्हाच निघून गेलेली असते. माघारीचा हुकूम त्याला पाठवायचाच बराच वेळ राहून गेलेला असतो. तुशिन आपला पाइप ओढत तोफा डागत राहतो.

संध्याकाळी सेनापतीपुढं त्याची उभ्या उभ्या चौकशी होते. दोन तोफा मागं का टाकल्या? संरक्षणाची तुकडी नव्हती, एवढं सांगितलं तरी तो सुटणार असतो. पण दुसरा कुणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून तो गप्प राहतो. त्याचे डोळे भरून येतात. तेव्हा प्रिन्स आंद्रे पुढं होऊन सांगतो, की आजच्या यशाचं श्रेय सगळ्यांत जास्त याच तोफांना आहे. सेनापतीला ते धड पटत नाही. सरकारी अहवालात अशा माणसाच्या नावापुढं ‘दोन तोफा गमावल्या’ एवढंच राहिलं असतं. उरलेलं सगळं कादंबरीनं लिहिलं.

समुद्रावरचा आंधळेपणा वेगळा. तिथं धुरापेक्षा अंतर माणसाला जास्त फसवतं. सी. एस. फॉरेस्टर या इंग्रज लेखकाची ‘द हॅपी रिटर्न’ १९३७ साली आली. तिच्यातला कॅप्टन हॉर्नब्लोअर बोट लागणारा, मनातून सतत धास्तावलेला दर्यावर्दी आहे. बंद लिफाफ्यातले हुकूम घेऊन तो मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. हुकमाप्रमाणं एक बलाढ्य स्पॅनिश जहाज जिंकतो आणि स्पेनविरुद्ध बंड करणाऱ्या सरदाराच्या ताब्यात देतो. मग बातमी येते, की मधल्या काळात स्पेन इंग्लंडचा दोस्त झाला आहे! आता तेच जहाज पुन्हा बुडवायचं. पहिल्या लढाईत माणसं मेली, दुसऱ्या लढाईत त्याहून जास्त मेली. कारण काय, तर कागद उशिरा पोचला.

पॅट्रिक ओब्रायनची ‘मास्टर अँड कमांडर’ १९६९ ची. तिचा गाभा खऱ्या घटनेवर बेतलेला आहे. १८०१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉक्रन यानं १४ तोफांच्या ‘स्पीडी’ या छोट्या जहाजानं ३२ तोफांचं ‘गामो’ हे स्पॅनिश जहाज जिंकलं. त्याच्याकडं ५४ माणसं, समोर ३१९. शत्रूच्या जहाजावर चढताना त्यानं सगळे खलाशी बरोबर घेतले आणि सुकाणूवर एकट्या डॉक्टरला ठेवलं. ओब्रायननं हा डॉक्टर उचलला. त्याचा स्टीफन मॅच्युरिन जहाजाबद्दल काही म्हणता काही जाणत नाही, म्हणून वाचकही त्याच्याबरोबर एकेक दोर शिकत जातो. झोपायच्या झोळीला माणशी चौदा इंच रुंद जागा, बिस्किटांतले किडे, जबरदस्तीनं पकडून आणलेले खलाशी, हे सगळं त्याच्या नजरेनं दिसतं. लढाई पेटली, की डॉक्टर खालच्या अंधाऱ्या मजल्यावर असतो. त्याच्यासाठी विजय म्हणजे वरून येणारा आवाज आणि जिन्यावरून खाली आणलेली माणसं.

हाच डॉक्टर १९७३ च्या ‘एच. एम. एस. सरप्राइज’ या कादंबरीत आपल्या मुंबईत येतो. रस्त्यावरची एक लहान पोर त्याला शहर दाखवत हिंडते. तिचं नाव दिल. उर्दू शायरीत हजारदा आलेला हा शब्द एका इंग्रजी दर्याकथेत गरीब पोरीचं नाव होऊन भेटतो, तेव्हा कवी म्हणून मी थबकतो. तिला चांदीच्या बांगड्यांची हौस. डॉक्टर प्रेमानं त्या घेऊन देतो आणि त्या बांगड्यांपायीच तिचा खून होतो. समुद्राकाठी डॉक्टर तिला अग्नी देतो. तोफांच्या कथेत या मुलीचं काय काम, असं कुणी विचारील. मला वाटतं, तिचंच काम आहे. साम्राज्यांची जहाजं ज्या बंदरात पाणी भरतात, तिथंही माणसं राहतात.

त्या युद्धांशी मुंबईचं नातं कल्पनेपुरतं नाही. ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचं ब्रिटिश जहाज १८१० मध्ये मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं गेलं. १८१७ मध्ये इथंच बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. जहाजांची नावं राहिली, मुख्य बांधणाऱ्याचं नाव राहिलं. ज्यांनी फळ्या तासल्या, त्या सुतारांची नावं कुणाला ठाऊक? खुर्दा इथंही आहे.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीनं मोती फार सुंदर ओवले. पण तिची नजर गादीवर आणि गडावर जास्त रमली. किनारा एवढा लांब, आरमाराची परंपरा एवढी मोठी, तरी समुद्र तिच्यात थोडाच आला. वल्ही मारणारा, तोफेला बत्ती देणारा, पखालीतून पाणी वाहणारा त्याहून थोडा. लिहिणाऱ्यांना अजून पुष्कळ जागा मोकळी आहे.

आणि वाचणाऱ्यांनाही या कादंबऱ्यांचा उपयोग आहे. आज युद्ध घरातल्या पडद्यावर दिसतं. नकाशा येतो, लाल-निळे बाण सरकतात, तज्ज्ञ बोलतात आणि आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटतं. अशा वेळी तुशिनची आठवण ठेवावी. त्या बाणाखाली कुणीतरी उभा आहे. हुकूम त्याच्यापर्यंत पोचलेला नाही आणि तो तिथून हललेला नाही.